नेहरू प्लेसला जाण्याआधी: मदरबोर्ड कसा पारखायचा

मागच्या दोन भागांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड झालं. आज मदरबोर्ड. या विषयावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: "कुठल्या कंपनीचा घेऊ? टिकाऊ कुठला?"

सरळ सांगतो, कंपनीचं नाव हे या प्रश्नाचं उत्तर नाही. आसुस, गिगाबाइट, एमएसआय, ॲसरॉक या चारही कंपन्या तैवानच्या, आणि चारही कंपन्या अगदी स्वस्त बोर्डही विकतात आणि एखाद्या स्कूटरच्या किमतीचेही विकतात. एकाच कंपनीचे दोन बोर्ड एकमेकांपासून जितके वेगळे असतात, तितके दोन कंपन्यांचे एकाच किमतीतले बोर्ड नसतात. त्यामुळे प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. माझ्या घरात, माझ्या हवेत, माझ्या विजेवर आणि माझ्या प्रोसेसरखाली हा बोर्ड पाच वर्षं चालेल का? आणि मध्येच गेला तर तो बदलून कोण देणार?

हे इतकं महत्त्वाचं का, तेही बघा. समजा पाऊण लाखाचं बजेट आहे. त्यातला मोठा वाटा ग्राफिक्स कार्ड घेतं, मग प्रोसेसर, मग रॅम, आणि जे उरतं त्यात बोर्ड बसवला जातो. पण ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर दोन स्क्रू काढून ते बाहेर येतं. बोर्ड बिघडला तर अख्खं मशीन उघडावं लागतं. आणि वॉरंटी संपल्यानंतर चौथ्या वर्षी बिघडला, तर त्या सॉकेटचा नवा बोर्ड बाजारात मिळेलच असं नाही. मग चांगला चालणारा प्रोसेसर आणि चांगली रॅमसुद्धा बदलायची वेळ येते. दोन हजार वाचवायला गेलेला माणूस पंचवीस हजारांच्या खर्चात पडतो, तो असा.

आता बोर्डच्या पोटात शिरू.

पॉवर सप्लायकडून बोर्डला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला मात्र साधारण १.१ ते १.४ व्होल्टच लागतात, आणि तेही क्षणाक्षणाला कमीजास्त होणारे. हे रूपांतर जो भाग करतो त्याला व्हीआरएम म्हणतात. सॉकेटच्या डावीकडे आणि वरच्या बाजूला चौकोनी ठोकळे ओळीने बसवलेले दिसतात ना, तोच. आता शाळेतलं गणित करू. प्रोसेसर १२० वॅट घेतोय आणि व्होल्टेज १.२ आहे, तर करंट झाला १०० अँपिअर. घरातल्या एसीचा एमसीबी १६ किंवा २० अँपिअरचा असतो, हे आठवा म्हणजे १०० अँपिअर काय चीज आहे ते कळेल. रूपांतरात दहा टक्के वाया गेले असं धरलं, तरी बारा-तेरा वॅटची उष्णता नखाएवढ्या काही चिप्समधून बाहेर पडते. ती बाहेर काढायला वर ॲल्युमिनियमचा हीटसिंक हवा. स्वस्त बोर्डांवर तो नसतो, चिप्स उघड्याच असतात.

म्हणून पहिली पारख: व्हीआरएमवर हीटसिंक आहे का, आणि तुमचा प्रोसेसर किती वॅट घेतो? रायझन ५ ७६०० हा ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण बोर्ड त्याला ८८ वॅटपर्यंत देऊ शकतो. कोअर आय ५ १२४०० एफ वरही ६५ लिहिलेलं असतं, कमाल मर्यादा ११७. इंटेलच्या कोअर आय ९ १४९०० के ची मर्यादा २५३. पहिले दोन मध्यम बोर्डवर आरामात चालतात, गेम खेळताना तर ते मर्यादेच्या बरेच खाली असतात. तिसरा एच ६१० च्या उघड्या बोर्डवर बसवणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन लावण्यासारखं आहे. चालू होतो, पण बोर्ड त्याला पूर्ण पळू देत नाही, आणि जितकं पळू देतो तितकं स्वतः भाजून निघतो.

खोक्यावर "१४ फेज", "१६ फेज" असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्या आकड्याने हुरळून जाऊ नका. प्रत्येक फेज किती अँपिअरचा, हे त्याहून महत्त्वाचं आहे, आणि ते कंपनीच्या वेबसाइटवर बारीक अक्षरांत किंवा जाणकारांच्या तपासणीत सापडतं. ५० किंवा ६० अँपिअरचे सहा-आठ फेज, वर चांगला हीटसिंक, एवढं गेमिंगच्या मशीनला पुष्कळ झालं.

आता दिल्लीचा भाग येतो, आणि इथे परदेशी व्हिडिओ बघून निर्णय घेणारे फसतात. तिकडचे परीक्षक बोर्डची चाचणी वीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतात. व्हीआरएम ८० अंशांवर गेला, उत्तम, असं सांगतात. नोएडा किंवा फरीदाबादच्या वरच्या मजल्यावरची, एसी नसलेली खोली मे महिन्याच्या दुपारी ३८-४० अंशांवर सहज असते. खोली जितकी तापते, तितकेच अंश जवळजवळ जसेच्या तसे बोर्डच्या तापमानात मिळवायचे. म्हणजे तिथले ८० इथे ९६-९८ झाले. शंभर-एकशेदहाच्या आसपास बरेच बोर्ड प्रोसेसरचा वेग स्वतःहून कमी करतात, आणि तुम्ही म्हणता गेम अडखळतोय, ग्राफिक्स कार्ड खराब आहे. ग्राफिक्स कार्ड बिचारं ठीक असतं. म्हणून कुठलीही परदेशी तपासणी वाचताना तापमानात पंधरा मिळवा, मग मत बनवा. नागपूर, अकोला, चंद्रपूरवाल्यांनीही हेच करायचं, तुमचा उन्हाळा दिल्लीपेक्षा काही कमी नाही.

जाता जाता एक गंमत. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि देशभर गाजली. नंतर हवामान खात्याने तपासलं तर सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. हवामान खात्याच्या सेन्सरचं असं होतं, तर बोर्डवरचा सेन्सर काय! काही स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचा सेन्सरच नसतो, आणि सॉफ्टवेअर भलतंच काहीतरी दाखवतं. कधी उणे, कधी १२७. असा आकडा पाहून घाबरू नका, आणि ३५ पाहून खूशही होऊ नका.

कॅपॅसिटरबद्दल दुकानदार खूप बोलतात. "सर, जपानी कॅपॅसिटर है, सॉलिड है." यामागे खरा इतिहास आहे. साधारण १९९९ पासून २००७ पर्यंत जगभर मदरबोर्डांवरचे कॅपॅसिटर फुगायचे, फुटायचे, तपकिरी द्रव गळायचा. त्यातल्या इलेक्ट्रोलाइटचं मिश्रणच सदोष होतं. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतल्या काही मॉडेलांना याचा इतका फटका बसला की २००५ मध्ये कंपनीला त्यापोटी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. तेव्हा कॅपॅसिटर पाहून बोर्ड घेणं शहाणपणाचंच होतं. आज मात्र साध्या बोर्डवरही घन पॉलिमर कॅपॅसिटर असतात. त्यांचा हिशोब असा: १०५ अंशांवर ५,००० तास, आणि तापमान २० अंशांनी उतरलं की आयुष्य दहापट, म्हणजे ८५ अंशांवर ५०,००० तास. रोज चार तास खेळलात तरी तीस वर्षं. तेव्हा "काळे सोन्याचे कॅपॅसिटर" यासाठी जास्त पैसे मोजू नका. आजचे बोर्ड दुसऱ्याच कारणांनी जातात.

त्यातलं एक कारण दिल्ली-एनसीआरमध्ये फार कमी जण लक्षात घेतात: हवा. २०१३ मध्ये इंटेलने जाहीरपणे सांगितलं होतं की चीन आणि भारतातून बिघडून परत येणाऱ्या संगणकांचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त दिसतंय. उघडून पाहिलं तर बोर्डवरचं तांबं गंजलेलं, आणि कारण हवेतलं गंधक. मग कंपनीने तशी प्रदूषित हवा मुद्दाम तयार करून चाचण्या घ्यायला सुरुवात केली. कोळसा जळतो, डिझेल जनरेटर चालतात, कचरा पेटतो, या सगळ्यातून गंधकाचे वायू येतात. त्यात भर उघड्या नाल्यांची. नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो तांबं आणि चांदी दोन्ही खातो. नोएडात नाल्यांच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या एसीच्या तांब्याच्या कॉइल वर्ष-दोन वर्षांत गळतात आणि मेकॅनिक दर उन्हाळ्यात गॅस भरून पैसे घेऊन जातो. जो वायू एसीच्या जाड नळीला भोक पाडतो, तो बोर्डवरच्या केसाहून बारीक रेषेचं काय करत असेल?

याला बोर्डच्या खोक्यात उत्तर नाही. "धूळरोधक", "दमटपणारोधक" असे शिक्के खोक्यावर दिसतात, पण घरगुती वापराच्या बोर्डांवर संपूर्ण संरक्षक लेप सहसा नसतो. जागा निवडणं आपल्या हातात आहे. मशीन नाल्याच्या बाजूच्या खिडकीशी ठेवायचं नाही. डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर येऊ द्यायचा नाही, कारण कूलर बाहेरचीच हवा ओली करून आत फेकतो, आणि धूळ अधिक ओल म्हणजे बोर्डवर मंद गतीने विष. पुढच्या पंख्यांना जाळी हवी, ती महिन्यातून एकदा धुवायची. मे-जूनच्या आंधीनंतर तर लगेच. आणि तुमचं घर खरंच नाल्याकाठी असेल, तर माझं स्पष्ट मत ऐका: महागडा बोर्ड घेऊच नका. मध्यम घ्या, उरलेले पैसे राखून ठेवा. गंज किंमत बघून येत नाही. चंद्रपूर-कोराडीच्या औष्णिक केंद्रांजवळ राहणाऱ्यांना हे जसंच्या तसं लागू आहे. रत्नागिरी-मालवण-पणजीकडे गंधकाऐवजी खारी हवा असते, परिणाम तोच.

विजेबद्दल सविस्तर पुढच्या भागात, पॉवर सप्लायसोबत बोलू. इथे फक्त बोर्डपुरतं. एनसीआरच्या उंच सोसायट्यांमध्ये वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात, आणि चांगला पॉवर सप्लायही जेमतेम सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग तग धरतो. म्हणजे मशीन धाडकन बंद, परत सुरू, परत कट. त्यातच नेमका बायॉस अपडेट चालू असेल तर बोर्ड तिथेच मूर्च्छित. यूपीएस हवाच. आणि इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग एकदा तपासून घ्या. भाड्याच्या घरात तिसरी पिन नुसती शोभेची असते, हा अनुभव अनेकांना असेल. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात, ते त्याचंच लक्षण.

बायॉस म्हणजे बोर्डच्या आतलं कायमचं सॉफ्टवेअर. टिकाऊपणाशी त्याचा काय संबंध, असं वाटेल. दोन घटना सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये एएम ५ सॉकेटवरचे रायझन ७००० एक्स ३ डी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या. सॉकेटच्या पिनाही भाजलेल्या. बोर्ड एका विशिष्ट भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि ती बायॉस अपडेटमधून बोर्डांवर पोचली. दुसरी घटना २०२४ ची. इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीचे मोठे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, गेम मध्येच बंद पडू लागले. बरेच बोर्ड इंटेलच्या शिफारशीपेक्षा सैल मर्यादांवर चालत होते, आणि शिवाय प्रोसेसरच चुकीने जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती आली, तीही बायॉसमधूनच, आणि इंटेलने त्या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. दोन्ही वेळा ज्यांच्या बोर्डला अपडेट मिळालं आणि ज्यांनी ते वेळेत टाकलं, ते वाचले.

म्हणून दुसरी पारख अशी: कंपनीच्या वेबसाइटवर त्या बोर्डचं पान उघडा, बायॉसच्या यादीतली शेवटची तारीख बघा. गेल्या काही महिन्यांतली असेल तर कंपनी त्या बोर्डला विसरलेली नाही. दोन वर्षं काही आलेलं नसेल तर पुढे जा. त्याच पानावर प्रोसेसरची यादी असते, तुमचा प्रोसेसर कुठल्या बायॉसपासून चालतो ते तिथे लिहिलेलं असतं. दुकानात वर्षभर पडून राहिलेला बी ६५० बोर्ड आणि नवा रायझन ९००० असं जोडलं तर स्क्रीन काळाच राहू शकतो. मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हने घरीच अपडेट होतं. नसेल तर दुकानदाराकडूनच करून घ्या, पैसे देण्याआधी.

मग घ्यायचा कुठला? माझा कल सांगतो. नवीन मशीन बांधत असाल तर एएम ५ वर, हीटसिंक असलेला बी ६५० किंवा बी ८५०. हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि एएमडीने त्याला दीर्घ पाठिंबा जाहीर केलाय, म्हणजे तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलता येईल. पैसे कमी असतील तर हीटसिंकवाला ए ६२० सुद्धा ७६०० ला पुरतो. इंटेलकडे १२४०० एफ सोबत बी ६६० किंवा बी ७६०. एच ६१० वर रॅमच्या दोनच जागा, रॅमचा वेग वाढवता येत नाही, एम डॉट टू जेमतेम. अगदीच नाइलाज असेल तरच घ्या. झेड मालिकेचे आणि एक्स मालिकेचे महाग बोर्ड ओव्हरक्लॉकिंगवाल्यांसाठी सोडा. दिव्यांची रोषणाई हवी असेल तर घ्या, हौसेला मोल नसतं, फक्त ती टिकाऊपणात धरू नका.

एक सावधगिरी. "एक्स ९९, झिऑन प्रोसेसरसकट, सोळा जीबी रॅम फुकट" अशा जोड्या फार स्वस्तात मिळतात. मूळ एक्स ९९ हा इंटेलचा २०१४ चा चिपसेट. या नव्या चिनी बोर्डांवर बहुधा जुन्या भंगारातून काढलेल्या दुसऱ्याच चिप्स असतात. चालतात, काही वर्षानुवर्षं चालतात, पण मागे कोणी उभं नाही. कॉलेजच्या मुलाने प्रयोग म्हणून घ्यावा, घरातल्या एकमेव मशीनसाठी नाही.

आता बाजार. दिल्लीत नेहरू प्लेस, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बंगळुरूत एसपी रोड, सिकंदराबादमध्ये सीटीसी. चारही ठिकाणचा रिवाज सारखाच. नेहरू प्लेसला मेट्रोतून उतरून चौकात शिरलात की "क्या चाहिए सर, लॅपटॉप, सॉफ्टवेअर" म्हणत चार जण मागे लागतात. त्यांच्यामागे जायचं नाही. आधी घरून दोन-तीन ऑनलाइन भाव लिहून न्या, वरच्या मजल्यांवरच्या तीन दुकानांत विचारा. मग तो प्रश्न येतोच: "बिल चाहिए?" बिलाशिवायचा भाव कमी, कारण १८ टक्के जीएसटी त्यात नाही. मोह होतो, मान्य. पण भारतात बहुतेक बोर्डांना ३ वर्षांची वॉरंटी असते आणि ती खरेदीच्या तारखेपासून चालू होते, हे सिद्ध करायला बिलच लागतं. बिल नसेल तर काही कंपन्या कारखान्यातून माल निघाल्याची तारीख धरतात, म्हणजे वर्ष आधीच खर्ची पडलेलं. शिवाय परदेशातून परस्पर आलेला माल असेल तर इथलं सर्व्हिस सेंटर त्याला हातही लावत नाही. बिलावर बोर्डचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावरचा आणि बोर्डवरचा नंबर एकच आहे ना, ते तिथेच पाहा.

आणि काउंटरवरच खोका उघडा. सॉकेटवर काळं प्लास्टिकचं झाकण असतं, ते दुकानदारालाच काढायला सांगा. एएम ५ असो की इंटेल, पिना आता बोर्डवरच असतात, हजारावर. मोबाइलची टॉर्च तिरकी धरून फोटो काढा. सगळ्या पिनांची चमक एका रांगेत दिसली पाहिजे, एखादी जागा विस्कटलेली वाटली तर दुसरा नग मागा. वाकलेली पिन घरी गेल्यावर सापडली तर ती तुम्हीच वाकवली असं धरलं जातं, आणि वाकलेली पिन, जळालेला भाग, गंज या तिन्ही गोष्टी वॉरंटीत सहसा बसत नाहीत. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, मराठीतही बोलून पाहा. पण तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

ते काळं झाकण मात्र फेकू नका. बोर्ड दुरुस्तीला पाठवताना सॉकेटवर झाकण नसेल तर काही ठिकाणी तो स्वीकारतच नाहीत. खोक्यातच ठेवा, आणि खोका माळ्यावर, तीन वर्षं.